चार बोटं

उक्षीच्या लूपवर ते दोन दिवस उभं होतं.
चाकं मोजली : बत्तीस. पुन्हा मोजली.
ट्रान्सफॉर्मर आहे म्हणाले, एकशे साठ टन.
मधला डबा खोलगट, काथवटीसारखा,
आणि त्यात हे ताडपत्री पांघरून बसलेलं,
गाभण म्हशीसारखं, पाय पोटाखाली घेऊन.

शाळेची पोरं कुंपणाशी थांबायची.
एकाने विचारलं, ह्याला भूक लागते?
परकार म्हणाला, लागते. डोंगर खातं.

बरोबर कंपनीचा माणूस. आडनाव ओझा.
मी आणि गोताडने एकमेकांकडे बघितलं नाही,
बघितलं असतं तर फुटलो असतो.
झाशीपासून अकरा दिवस तो ह्याच्यामागे,
ब्रेकव्हॅनमध्ये स्टोव्ह, स्टोव्हवर खिचडी, दोरीवर बनियन.
दर तासाला उठायचा आणि
लोखंडाच्या कुशीला बांधलेली डबी बघून यायचा.
डबीत कागद, कागदावर सुई.
धक्का बसला की सुई लिहून ठेवते
किती वाजता, केवढा.
आत तांब्याची वेटोळी आहेत, म्हणाला,
केसाएवढी सरकली तरी जन्माचं दुखणं.

रात्री पावणेबाराला ब्लॉक मिळाला.
वरच्या तारेतली वीज काढली.
एक गाडी संगमेश्वरला अडवली, एक निवसरला,
दोन्हीकडची माणसं झोपेत, कशासाठी थांबलो ते न कळता.
बोगद्यात वेग ताशी पाच.
मी डाव्या अंगाला, गोताड उजव्या,
एका हातात बॅटरी, एका हातात बांबूची कामटी.
कामटीवर खूण केलेली : चार बोटं.
कमी झालं की शिटी.
साहेबांच्या कागदावर मिलिमीटर होते.
हाताला बोटंच कळतात.

साडेसहा किलोमीटर कातळ.
घामेजलेला, डिझेलच्या जुन्या वासाचा.
चाकं रुळाला हळू आवाजात काही समजावत होती
आणि रूळ ऐकत नव्हता.

एका जागी कातळाचं नाक पुढे आलंय.
पाटोळेने मे महिन्यात ते छिन्नीने दोन इंच तासलं,
मग निवृत्त झाला, खेडला मुलाकडे गेला.
त्याचे चरे अजून पांढरे आहेत.
तिथे पाच बोटं. साडेचार. चार.
मी पोट आत ओढलं, जसा काही मीच जाडा.
पलीकडून गोताड : मेल्या, हात आत घे!
तीन.

शिटी दातांतच होती.

थांबायला त्याला केवढा वेळ लागला.
ओझासाहेब अनवाणी उतरला.
तळवा आधी कातळाला लावला, मग ताडपत्रीला,
आणि हसला.
घडी फुगली होती. लोखंड नव्हे, कापड.
गोताडने कोयतीने दोरी तोडली,
घडी चेपून पुन्हा आवळली,
आणि ते निघालं.

तेव्हा मला ट्रॅक्स आठवली.
जाकादेवीहून रत्नागिरीला, अशीच रात्र,
मागच्या सीटवर सुगंधा, सातवा महिना.
हातखंब्यापर्यंत तिने खड्डे मोजले.
पुढे मोजले नाहीत.
ड्रायव्हर चांगला होता, त्याला घाई होती.
पुढे कुणी चालत नव्हतं
कामटी घेऊन.

भोक्याला बाहेर आलो तेव्हा दीड वाजलेला.
ओझासाहेबाने डबी उघडली, बॅटरी धरली.
कागद सरळ. मध्ये एक दात, तांदळाएवढा.
वेळ बघितली, माझ्याकडे बघितलं.
ये आप हैं, म्हणाला. आपकी सीटी.

पहाटे घरी पोचलो. ती जागीच.
ग्येला काय तो?
ग्येला.
कुटं लागला नाय ना त्याला?

मी चार बोटं दाखवली.
तिने पेजेचं भांडं चुलीवर परत ठेवलं.